जुन्या कॉम्प्युटरवर फुकटचा व्हिडिओ प्लेअर कोणता टाकावा?

वऱ्हाडी_मोगरा
नमस्कार मंडळी,
आईबाबांकडे प्रतापनगरला जुना डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, विंडोज १०. त्यावर तीन प्रकारचं बघणं चालतं. भाऊ बंगळुरूहून आयफोनवर काढलेले नातवाचे व्हिडिओ ऑनलाइन ड्राइव्हवर टाकतो ते, पेन ड्राइव्हवर कुणीकुणी दिलेली जुनी नाटकं, आणि माझ्या लग्नाच्या व्हीसीडी. नातवाचे व्हिडिओ अडखळतात. आवाज पुढे जातो आणि चित्र मागून येतं. नाटकातले संवाद ऐकू येत नाहीत आणि मध्येच पेटी वाजली की शेजारचे उठतात. आईला कमी ऐकू येतं, म्हणून एका ओळखीच्यांनी दोन नाटकांसाठी मराठी सबटायटल टाईप करून दिले, तर स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतात.
बाबा कुठलीही खिडकी उघडली की आधी 'ओके' दाबतात, मग चष्मा शोधतात. त्यामुळे जाहिराती, टूलबार, 'अपग्रेड करा' असलं काही नको. कोणता प्लेअर टाकू? कारणासकट सांगा, म्हणजे बाबांना पटवता येईल.

तर्री_पोहे
ताई, काहून एवढा विचार करून राहिल्या? व्हीएलसी टाका अन् मोकळ्या व्हा. धागा संपला.

बर्डी_रिटर्न्स
+१. नारिंगी शंकू, दुसरं काही बघायचं नाही.

अजनीचा_सिग्नल
इतक्यात संपवू नका राव, आत्ता कुठे चहा ठेवलाय.
माझं मत वेगळं. मशीन जुनं आहे, तर एमपीसी-एचसी बघा. मीडिया प्लेअर क्लासिक होम सिनेमा. दिसायला विंडोज ९८ च्या काळातला, पण हलका. मूळ टीमने २०१७ मध्ये काम थांबवलं, म्हणून बरेच लोक तो मेला समजतात. त्यानंतर एका डेव्हलपरने तो गिटहबवर (प्रोग्रामचा कोड ठेवायची वेबसाईट) चालू ठेवलाय आणि आजही नव्या आवृत्त्या येतात. बाबांच्या पिढीला तो मेन्यूवाला चेहरा ओळखीचा वाटतो, हा माझ्या घरचा अनुभव. वरती 'फाईल', खाली 'प्ले'. कुठे काय लपलंय ते शोधावं लागत नाही.

पॉवर_युजर_४४०
पॉटप्लेअर! सेटिंग्जचा समुद्र आहे. चित्राची धार, रंग, आवाज, सबटायटलची जागा, काय म्हणाल ते बदलता येतं. फुकट आहे.

मुक्तछंद_जीएनयू
पॉटप्लेअर फुकट आहे, मुक्त नाही. कोरियातल्या काकाओ कंपनीचा आहे, कोड बंद. उद्या त्यांनी आत काय घालावं हे तुमच्या हातात नाही. व्हीएलसी, एमपीसी-एचसी आणि एमपीव्ही नावाचा आणखी एक प्लेअर, या तिघांचा कोड उघडा आहे. आणि 'सेटिंग्जचा समुद्र' ऐकून मोगराताईंचे बाबा त्यात ओके दाबत दाबत कुठे निघतील याचा विचार करा.

पॉवर_युजर_४४०
घ्या, आले तत्त्वज्ञ. माणसाला नातवाचा व्हिडिओ बघायचाय, कोड नाही.

सॉफ्टवेअरचा_शेतकरी
भांडू नका, एक मूळ गोष्ट सांगतो. व्हीएलसी घ्या, एमपीव्ही घ्या की एमपीसी-एचसी, व्हिडिओ उलगडायचं बरंचसं काम आत एकच प्रकल्प करतो: एफएफएमपेग. फाब्रिस बेलार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने २००० मध्ये सुरू केलेला. एमपीसी-एचसीमध्ये तो लाव्ह फिल्टर्स या नावाने येतो, व्हीएलसीत लिबएव्हीकोडेक म्हणून. त्यामुळे 'यात फाईल चालते, त्यात चालत नाही' हा वाद आता फारसा उरलेला नाही. पूर्वी कोडेक (व्हिडिओ दाबायची आणि उलगडायची पद्धत) वेगळे पॅक करून टाकावे लागायचे, आता गरज नाही. फरक उरतो तो मशीनवर पडणाऱ्या बोज्यात, बटणांच्या सोयीत आणि जाहिरातींत.
मोगराताई, दोन प्रश्न. भावाचे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले व्हिडिओ नीट चालतात का? आणि ड्राइव्हवरून उतरवलेलेच अडखळतात का?

वऱ्हाडी_मोगरा
हो! अगदी तसंच. व्हॉट्सअ‍ॅपचे चालतात. मला वाटलं फाईल लहान असते म्हणून.

सॉफ्टवेअरचा_शेतकरी
लहान असते हे अर्धं कारण. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून एच.२६४ या जुन्या कोडेकमध्ये पाठवतं. आयफोन मात्र २०१७ च्या आयओएस ११ पासून एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ मध्ये चित्रण करतो. त्याच दर्जाला फाईल बरीच लहान होते, पण उलगडायला प्रोसेसरला जास्त राबावं लागतं. इंटेलने एचईव्हीसी उलगडण्याची सोय ग्राफिक्स चिपमध्येच नीट दिली ती सहाव्या पिढीपासून, आणि १०-बिट म्हणजे जास्त रंगछटांच्या व्हिडिओसाठी सातव्या पिढीपासून. तुमची चौथी. म्हणजे सगळं ओझं दोन कोअरच्या डोक्यावर. १०८०पी कसंबसं निभेल. भाऊ ४के ६० फ्रेमवर काढत असेल तर कुठलाही प्लेअर टाका, अडखळणारच.
नक्की करायचं असेल तर व्हीएलसीमध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल+जे दाबा. कोडेकच्या ओळीत एचईव्हीसी दिसेल.

हिशोबनीस
शेतकरी साहेब, सोप्या भाषेत सांगा. आमच्याकडे एमकेव्ही नावाच्या दोन फाईली आहेत, एक चालते, एक नाही. नाव सारखं, मग असं का?

सॉफ्टवेअरचा_शेतकरी
काका, एमकेव्ही, एमपी४ हे नुसते डबे. एका डब्यात वरण-भात, दुसऱ्यात पाटवडी रस्सा. डबा एकच दिसतो म्हणून पोटाला सारखंच झेपेल असं नाही. आतला कोडेक काय आहे ते महत्त्वाचं.

तर्री_पोहे
पाटवडी म्हटल्यावर माझा प्रोसेसर गरम झाला.

खसखस_आजी
विनोद सोडा, गरम होण्यावर मला खरंच बोलायचंय. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी व्हिडिओ अडखळायचे आणि पहाटे तेच व्हिडिओ नीट चालायचे. नातू म्हणाला, 'आजी, प्लेअर खराब आहे.' माझ्या धाकट्या दिराने सीपीयूचं झाकण उघडलं. आत धुळीची गादी! नागपूरचा मे, बाहेर ४५, खोलीत बंद दार, वर कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात कोंबलेला. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो म्हणे. धूळ काढली, प्रोसेसरवरची पेस्ट नवी लावली, कप्प्यातून बाहेर काढला, झालं.

अजनीचा_सिग्नल
आजी, तुम्ही या धाग्याच्या खऱ्या इंजिनीअर.
त्यात एक भर. गार हवा म्हणून कुणी कूलरच्या थेट तोंडासमोर सीपीयू ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा माणसाला बरी, मदरबोर्डला नाही. शिवाय आपल्या बोरिंगच्या पाण्यात क्षार असतात, शिंतोडे उडाले की पांढरे डाग पडतात.

बर्डी_रिटर्न्स
आमच्या ऑफिसात उलटं होतं. एकमेव एसी सर्व्हरच्या खोलीत, तर मे महिन्यात सगळा स्टाफ तिथेच 'बॅकअप तपासायला' जमायचा.

वऱ्हाडी_मोगरा
दुपारचं मी लक्षात घेतलं नव्हतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, 'हो, सकाळी बरा चालतो, मला वाटलं सकाळी इंटरनेट मोकळं असतं.' फाईल तर आधीच उतरवून ठेवलेली असते!
आणि आत्ताच विंडोजचा स्वतःचा प्लेअर उघडून बघितला. एचईव्हीसी एक्सटेंशन विकत घ्या असा संदेश आला. व्हीएलसी तेच फुकट कसं दाखवतो? चोरीचं तर नाही ना? बाबा नोकरीभर ऑडिट खात्यात होते, पहिला प्रश्न हाच येईल.

मुक्तछंद_जीएनयू
बाबांना निश्चिंत राहायला सांगा. एचईव्हीसीवर बऱ्याच कंपन्यांची पेटंट्स आहेत, त्यांची रॉयल्टी असते. मायक्रोसॉफ्ट ती वसूल करतं. व्हीएलसी बनवणारी व्हिडिओलॅन ही फ्रान्समधली ना-नफा संस्था. फ्रेंच कायदा आणि युरोपीय करार नुसत्या सॉफ्टवेअरला पेटंटयोग्य मानत नाहीत, अशी त्यांची उघड भूमिका आहे. कोड २००१ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला. देणग्यांवर चालतं. जाहिराती घालण्यासाठी मोठमोठ्या रकमा आल्या आणि नाकारल्या, असं प्रमुख जाँ-बातिस्त केंफ यांनी सांगितलेलं आहे.

निळी_शाई
ते शंकूचं काय आहे पण? रस्त्यावरचा शंकू कशाला?

मुक्तछंद_जीएनयू
१९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल इंजिनीअरिंग कॉलेजच्या पोरांनी हा प्रकल्प सुरू केला. कॅम्पसमधलं नेटवर्क जुनं टोकन रिंगचं, गेम खेळताना रडायचं. नवं नेटवर्क हवं तर कारण दाखवायला पाहिजे, म्हणून सॅटेलाईट टीव्ही नेटवर्कवरून सगळ्या खोल्यांत दाखवायची योजना निघाली. त्यातून व्हिडिओलॅन. आणि होस्टेलच्या पोरांनी रस्त्यावरून उचलून आणलेले शंकू खोलीत पडलेले असायचे, तेच चिन्ह झालं.

तर्री_पोहे
म्हणजे जगभरची होस्टेलं सारखीच. आमच्या होस्टेलात 'पुढे काम चालू आहे' पाटी होती, मेसच्या दारावर लावलेली.

पॉवर_युजर_४४०
पण भारत सरकारने व्हीएलसीवर बंदी घातली होती हे कुणी सांगत नाही. चिनी व्हायरस होता त्यात.

सॉफ्टवेअरचा_शेतकरी
पॉवर भाऊ, अर्धवट आहे हे. बंद झाली होती ती वेबसाईट. फेब्रुवारी २०२२ च्या सुमारास भारतात ती उघडेनाशी झाली, कारण कुणी जाहीर केलं नाही. प्लेस्टोअरवर अ‍ॅप मिळत होतं, आधी टाकलेला प्लेअरही चालत होता. पुढे व्हिडिओलॅनने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये साईट परत सुरू झाली.
चिनी भानगडीबद्दल: हल्लेखोरांनी आधीच शिरकाव केलेल्या मशीनवर खरा व्हीएलसी ठेवून त्याच्या शेजारी आपली विषारी फाईल ठेवली, असं सिमँटेक या सुरक्षा कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये लिहिलं होतं. अधिकृत साईटवरून उतरवलेल्या प्रतीत काही नव्हतं.

बर्डी_रिटर्न्स
यातून घ्यायचं ते एवढंच की कुठून उतरवता ते बघा. सर्चमध्ये वरती 'जाहिरात' लिहिलेल्या लिंका येतात, तिथे शंकूचं चित्र असतं आणि सोबत तीन टूलबार. आमच्या दुकानात येणाऱ्या मशीनांत निम्मी घाण अशा 'फ्री डाउनलोड' साईटवरूनच आलेली असते. पत्ता स्वतः टाईप करा: व्हिडिओलॅन डॉट ओआरजी. एमपीसी-एचसी त्याच्या गिटहब पानावरून.

डीटीपीवाला_इतवारी
सबटायटलकडे कुणी वळलंच नाही, म्हणून मी. चौकोन दिसतात की प्रश्नचिन्हं की इंग्रजी अक्षरांची खिचडी? तिन्हींची कारणं वेगळी.
चौकोन म्हणजे प्लेअरच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. व्हीएलसीत कंट्रोल+पी, तिथे सबटायटल्सचा टॅब, फॉन्ट 'निर्मला यूआय' करा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८. प्लेअर बंद करून परत उघडा.
प्रश्नचिन्हं म्हणजे नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग एएनएसआय राहिलं, त्यात देवनागरी मावत नाही. ती अक्षरं गेली, मूळ टाईप केलेलं परत मागवा.
खिचडी दिसत असेल तर कुणीतरी श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलंय. आमच्याकडे लग्नपत्रिका अजूनही तशाच होतात. ते आधी युनिकोडमध्ये बदलावं लागेल.

वऱ्हाडी_मोगरा
एका नाटकाला चौकोन, दुसऱ्याला खिचडी! चौकोनवालं तुम्ही सांगितल्यावर लगेच जमलं. आईने पहिली ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढल्या. दुसरी फाईल श्रीलिपीच आहे, ज्यांनी टाईप केली ते प्रेसवालेच आहेत.

डीटीपीवाला_इतवारी
आईंना नमस्कार सांगा, प्रूफरीडर मिळेनात हल्ली. ती फाईल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बदलून देतो. ऱ्हस्व-दीर्घ आईंकडे.

निळी_शाई
मी एमपीएससीची तयारी करते, लेक्चर उतरवून ठेवलेली असतात. मला प्लेअरमध्ये फक्त वेग वाढवता यायला हवा. व्हीएलसीत चौकटी कंसाच्या बटणांनी वेग कमीजास्त होतो आणि सरांचा आवाज चिरका होत नाही. दीडपटीवर इतिहास जातो, अर्थशास्त्राला मुकाट्याने एकपटीवर यावं लागतं. लायब्ररीतल्या सगळ्या मुली हेच वापरतात, त्यामुळे 'कोणता चांगला' हा विचारच कधी केला नाही.

हिशोबनीस
आणि आवाज पुढे, चित्र मागे, त्याचं काय? आमच्या एका नाटकात नट तोंड मिटून बोलतो.

अजनीचा_सिग्नल
काका, व्हीएलसीत 'के' दाबत गेलं की आवाज थोडा थोडा मागे सरकतो, 'जे'ने पुढे येतो. एका दाबाला ५० मिलिसेकंद. सबटायटलसाठी 'जी' आणि 'एच'. पण मोगराताईंच्या केसमध्ये हे करू नका. तिथे मशीन दमल्यामुळे चित्र मागे पडतंय, आवाज सरकवून पुन्हा थोड्या वेळाने तेच होईल.
संवाद हळू आणि संगीत मोठं, याचं कारण बऱ्याचदा असं की फाईलमध्ये ५.१ म्हणजे सहा स्पीकरसाठीचा आवाज असतो. संवाद मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले, आणि आपल्याकडे दोनच स्पीकर. व्हीएलसीत कंट्रोल+ई, तिथे 'कॉम्प्रेसर' चालू करा. एमपीसी-एचसीत ऑडिओ स्विचरमध्ये 'नॉर्मलाइज' आहे.

खसखस_आजी
जुन्या नाटकाच्या रेकॉर्डिंगला ५.१ कुठून यायला? तिथे माईक स्टेजच्या पुढच्या कडेला असायचा आणि ऑर्गन त्याच्या शेजारी. पेटीवाला माईकला चिकटलेला आणि नायिका मागे झोपाळ्यावर.

अजनीचा_सिग्नल
शरण आजी. कॉम्प्रेसर तरी दोन्हीला लागू पडतो.

मुक्तछंद_जीएनयू
एक राहिलंच. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चौथ्या पिढीवर बसत नाही, इंटेलची आठवी लागते. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाका. व्हीएलसी तिथेही आहे, एमपीव्हीही.

तर्री_पोहे
आला! प्रत्येक धाग्यात हा येतेच. कोणी पोह्यात तर्री कमी पडली विचारलं तरी हा लिनक्स मिंट टाकून देते.

मुक्तछंद_जीएनयू
हलकं घ्या. पण बाबा सगळीकडे ओके दाबणारे असतील तर त्यांच्यासाठी ते खरंच सुरक्षित आहे.

वऱ्हाडी_मोगरा
मिंट दिवाळीला बघू, एका वेळी एकच क्रांती.
रविवारी काय केलं ते सांगते. धूळ काढली (आजी, गादी नव्हती, सतरंजी होती). कंट्रोल+जे दाबून बघितलं, एचईव्हीसी, ४के, ६० फ्रेम. भावाला फोन करून सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' आणि १०८०पी करायला लावलं. तो म्हणाला दर्जा कमी होईल. मी म्हटलं बाबांचा मॉनिटर १०८०पीसुद्धा नाही. जुने व्हिडिओ हँडब्रेक नावाच्या फुकटच्या प्रोग्रामने एच.२६४ करत ठेवलेत, रात्रभर चालतं ते.
एमपीसी-एचसी आणि व्हीएलसी दोन्ही टाकले आणि बाबांसमोर ठेवले. त्यांना एमपीसी-एचसी आवडला, 'हा सरकारी वाटतो' म्हणाले. तोच डिफॉल्ट केला. नाटकांसाठी आईने व्हीएलसी धरलाय, तिला सबटायटलचा आकार मोठा करता आला. एकाच मशीनवर दोघांचे दोन पक्ष.
आता उरल्या व्हीसीडी. विंडोजमध्ये फाईल कॉपी करायला गेलं की त्रुटी येते.

बर्डी_रिटर्न्स
व्हीसीडीवरची .डीएटी फाईल साध्या डेटासारखी लिहिलेली नसते, त्या सेक्टरांची रचना वेगळी असते, म्हणून एक्सप्लोरर अडतो. इथे व्हीएलसीच. कंट्रोल+डी, 'एसव्हीसीडी/व्हीसीडी' निवडा, प्ले. तिथूनच 'कन्व्हर्ट' करून एमपी४ करता येईल. चित्राकडून फार आशा ठेवू नका, ३५२ बाय २८८ एवढंच असतं. पूर्ण स्क्रीन न करता लहान खिडकीत बघा, माणसं ओळखू येतात.

वऱ्हाडी_मोगरा
पहिल्या दोन निघाल्या! तिसरी ओरखडे पडलेली, मध्येच थांबते.

बर्डी_रिटर्न्स
मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, जुने डेस्कटॉपचे ड्राइव्ह अशा डिस्क जास्त चांगल्या वाचतात. नाही जमलं तर दुकानात या. तिसरीत आहे काय पण?

वऱ्हाडी_मोगरा
जेवणाची पंगत.

तर्री_पोहे
मग राहू द्या ना ताई.

वऱ्हाडी_मोगरा
कसं राहू देऊ? चुलतसासरे गेली कित्येक वर्षं म्हणताहेत की त्यांच्या पानात जिलबी वाढलीच नव्हती. बाबांना ऑडिट करायचंय.

बर्डी_रिटर्न्स
मग शनिवारी घेऊन या. दुकान दुपारी बंद असतं, चारनंतर.